टेबलावरच्यांना कोण विचारतं

नागपूर बिबट्यांची घरची मॅच असली की वर्धा रोडवरचं संकुल आठ हजार माणसांनी भरून जातं, आणि त्या आठ हजारांत पंचाला शिवी घालणारा एकही सापडत नाही. नव्या पोरांना यात काही वेगळं वाटत नाही. पण ज्यांनी डांबरी कोर्टाच्या कडेला उभं राहून पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आहे, त्यांना ही शांतता अजून पचलेली नाही. दिवाकर हेडाऊ तर दर वर्षी म्हणतो की बास्केटबॉलचं पार देऊळ होऊन गेलं, आता फक्त चपला बाहेर काढून ठेवायच्या तेवढ्या राहिल्या आहेत.

ही सगळी किमया साक्षीची. छताला टांगलेले चोवीस कॅमेरे आणि लाकडी फरशीखाली अंथरलेले दाब मोजणारे संवेदक मिळून साक्षी दर सेकंदाला पाचशे वेळा मैदान टिपते. कुणाचा पाय आधी टेकला, कुणाचा खांदा कुणाच्या छातीवर किती जोराने आदळला, हे तिला खुद्द खेळाडूच्या आधी कळतं. पंच अजून आहेत, त्यांच्या गळ्यात शिट्टीही आहे, पण कानात साक्षी बोलते आणि ती बोलेल तसा ते हात वर करतात. चूक होत नाही म्हणून भांडण होत नाही, आणि भांडण होत नाही म्हणून मॅच संपवून लोक जेवायला बसले की त्यांना बोलायला काही उरत नाही.

खापेकरांच्या टेबलावर मात्र बोलण्याची कधी वानवा नव्हती. मोसमाच्या पहिल्या शनिवारी तिघांनी मॅचला जायचं, तिथे प्रत्येकी एक संत्र्याची बिअर घ्यायची आणि नंतर इतवारीत दिवाकरच्या सावजी भोजनालयात जेवायला बसायचं, असा नेम होता. तिघं म्हणजे दिवाकर, वैजयंती खापेकर आणि तिचा नवरा भालचंद्र. एकतीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवल्यामुळे त्याला अर्धं नागपूर खापेकर सर म्हणतं, तेव्हा आपणही सरच म्हणू. जेवताना विषय एकच असायचा. मिठाची डबी म्हणजे दिवाकर, लिंबाची फोड म्हणजे अमरावतीचा बचावपटू, आणि टेबल म्हणजे १९९९ सालच्या विदर्भ चषकाच्या फायनलचं कोर्ट.

त्या फायनलमध्ये चार सेकंद उरले होते आणि इतवारी क्लब एका गुणाने मागे होता. चेंडू बाहेरून आत आला, दिवाकरने तो घेतला, अख्खं कोर्ट धावून बास्केटखाली शिरला. अमरावतीचा पोरगा आडवा आला, दोघं आदळले, चेंडू जाळीतून पडला आणि त्याच क्षणी शिट्टी वाजली. पंचाने चार्जिंग दिलं, म्हणजे दोष धडक मारणाऱ्याचा. बास्केट रद्द झाली, सामना गेला. त्या दिवशी एका सरकारी खात्याचे निवडकर्ते सामना बघायला बसले होते, त्यामुळे दिवाकरची क्रीडा कोट्यातली नोकरीही गेली. पंच होते सव्वीस वर्षांचे भालचंद्र खापेकर.

दुसऱ्याच दिवशी दिवाकर भांडायला सरांच्या घरी गेला आणि रात्री जेवूनच परतला. तेव्हापासून एकोणचाळीस वर्षं तो भांडतोच आहे. तो पोरगा सरकत होता, म्हणजे दोष त्याचा, असं दिवाकरचं म्हणणं. दोन्ही पाय रोवून उभा होता, असं सरांचं. लिंबाची फोड बोटभर इकडे, बोटभर तिकडे. नोकरी गेल्यावर दिवाकर घरच्या चुलीपाशी बसला आणि आज त्याच्या हातचं मटण खायला रायपूरहून गाड्या येतात. तुझ्या शिट्टीनं मले खानसामा करून टाकलं, असं तो सरांना मोठ्या प्रेमाने ऐकवायचा, आणि सरही हसायचे. घरी आल्यावर मात्र सर बराच वेळ अंगणात फेऱ्या मारायचे. ते फक्त वैजयंतीला दिसायचं. सामन्यानंतर दोन वर्षांनी त्यांना राष्ट्रीय पंच-मंडळात येण्याचं पत्र आलं होतं. त्यांनी नकार कळवला आणि शिट्टीच सोडली. आपल्या एका फुंकरीने कुणाची नोकरी जाते, असलं काम आपल्याला झेपायचं नाही, एवढंच ते तेव्हा म्हणाले होते.

या वर्षी खुर्च्यांवर जरा टेकतात न टेकतात तोच दिवाकरने पोतडीतून बातमी बाहेर काढली. बिबट्यांच्या घरच्या मॅचला मध्यंतरात ‘जुने निकाल’ नावाचा कार्यक्रम होतो. विदर्भातला एखादा जुना, वादग्रस्त सामना घ्यायचा, त्याची टेप साक्षीला दाखवायची आणि खरं काय झालं ते मोठ्या पडद्यावर सगळ्यांनी बघायचं. दिवाकरची मुलगी सानिका साक्षीवर काम करणारी इंजिनिअर. तिने वडिलांच्या कपाटातली १९९९ ची टेप शोधून काढली होती. आजचा जुना निकाल तोच होता.

“आज कळूनच जाऊ दे,” दिवाकर सरांच्या गुडघ्यावर थाप मारत म्हणाला. “चुकला असशील तर आज मटण तू वाढशील, अन् मी बसून राहीन.”

सर हसले आणि तयार झाले. वैजयंतीला मात्र हसू आलं नाही. त्या फायनलला ती होती. कोर्टाशेजारच्या लांब टेबलाच्या टोकाला, हातात स्टॉपवॉच घेऊन बसलेली तेवीस वर्षांची टायमर तीच होती, आणि त्या शेवटच्या चार सेकंदांबद्दल तिला असं काही माहीत होतं जे तिने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

गोष्ट अगदी साधी होती. त्या काळी कोर्टावर मोठं घड्याळ नसायचं. चेंडू बाहेर गेला की पंच हात वर धरायचा आणि चेंडू परत आत येऊन खेळाडूच्या हाताला लागला की तो हात झटकन खाली आणायचा. हात खाली आला की टायमरने स्टॉपवॉच दाबायचं. टायमरने पंचाच्या हाताकडे बघायचं असतं, हे तीन महिने घोकून वैजयंती टायमरच्या परीक्षेला बसली होती. आणि त्या शेवटच्या थ्रो-इनला ती हाताकडे बघतच नव्हती. ती पंचाच्या चेहऱ्याकडे बघत होती. भानावर आली तेव्हा अंगठा दाबलेला होता, पण चेंडू केव्हाच आत आला होता. शिट्टी वाजली तेव्हा तिच्या हातातलं घड्याळ एक सेकंद बाकी दाखवत होतं. घरी आल्यावर तिने मनात पुन्हा पुन्हा मोजून पाहिलं. झेल, कोर्टाची अख्खी लांबी, मग दोन पावलं. यात सहा सेकंद तरी जायलाच हवेत. म्हणजे दिवाकर बास्केटपाशी पोचायच्या आधीच सामना संपला होता. ना ती बास्केट धरायची होती, ना ती शिट्टी. सर ज्या शिट्टीसाठी अंगणात फेऱ्या मारत होते, तिने कुणाचंच काही बिघडवलं नव्हतं.

तेव्हा का बोलली नाहीस, असं कुणी विचारलं असतं तर तिच्यापाशी उत्तरं होती. आधी परीक्षेचा निकाल लागायचा होता. मग लग्न ठरलं. मग राष्ट्रीय मंडळाचं पत्र आलं आणि सरांनी नकार दिला, आणि त्यानंतर सांगणं म्हणजे स्वतःच्या हाताने संसाराला चूड लावणं वाटू लागलं. दर वर्षी ती मनाशी म्हणायची, पुढच्या वर्षी सांगू.

पहिला क्वार्टर रंगात होता. कोचीचा संघ उंच होता, बिबटे चपळ होते, आणि तीन गुणांच्या दोन बास्केटनी सगळं संकुल उभं राहिलं होतं. सानिका तेवढ्यात त्यांच्या रांगेत येऊन वाकली. संमती हवी होती. तिने पुढे केलेल्या काचेवर दिवाकरने अंगठा टेकवला, सरांनीही टेकवला. मग सर म्हणाले, अगं, ती टेप म्हणजे नुसत्या मुंग्या दिसतात, त्यातून काय कळणार? सानिकाला हा प्रश्न आवडला असावा. ती पायरीवरच बसली.

तिने सांगितलं ते असं. टेप जुनी झाली की ताणली जाते, तिचा वेग कमीजास्त होतो, तेव्हा तिच्यातलं सेकंद हे खरं सेकंद राहत नाही. आणि सेकंद चुकलं की वेग चुकतो, वेग चुकला की धडकेचा जोर चुकतो. म्हणून साक्षी सगळ्यांत आधी घड्याळ शोधते. कुठलं घड्याळ? चेंडू. हातातून सुटलेल्या चेंडूला पृथ्वी खाली ओढते, आणि ती १९९९ साली जेवढ्या जोराने ओढत होती तेवढ्याच जोराने आजही ओढते. चेंडू किती उंच गेला ते कळलं की तो खाली यायला किती वेळ लागलाच पाहिजे हे गणिताने ठरतं, त्यात कुणाची वशिलेबाजी चालत नाही. दोन तासांच्या सामन्यात चेंडू दोन-तीन हजार वेळा पडतो. म्हणजे टेपमध्येच दोन-तीन हजार घड्याळं लपलेली असतात. त्यांवरून साक्षी टेप सरळ करते, आणि मग माणसांचे सांगाडे उभे करून कोण कुणावर आदळलं ते शोधते.

“म्हणजे आधी वेळ मोजते?” वैजयंतीने विचारलं.

“आधी वेळच, काकू. सेकंदाच्या विसाव्या भागापर्यंत. बाकी सगळं नंतर.”

वैजयंतीने हातातला ग्लास खाली ठेवला. संमती फक्त यांचीच लागते का, पंच आणि खेळाडूची, असं तिने सहज विचारल्यासारखं विचारलं. सानिका उठता उठता हसली. म्हणाली, नियम तसाच आहे. दोघांपैकी कुणी मध्यंतराच्या भोंग्याआधी नको म्हटलं तर दाखवणार नाही.

“अन् टेबलावरचे?”

“टेबलावरच्यांना कोण विचारतं, काकू,” सानिका म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

म्हणजे रस्ता होता. सरांना नुसतं म्हणायचं, अहो, नको ना हे. का म्हणून त्यांनी विचारलंही नसतं. लग्नानंतर तिने नको म्हटलेली एकही गोष्ट त्यांनी रेटली नव्हती. दुसऱ्या क्वार्टरला चार मिनिटं झाली तेव्हा सर बिअर आणायला उठले आणि ती त्यांच्यामागोमाग गेली.

काउंटरवर रांग होती. भाजलेल्या मक्याचा आणि संत्र्याच्या सालीचा वास सुटला होता. सर खुशीत दिसत होते, आणि नेमकं तेच तिला जड गेलं. ती बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात तेच बोलू लागले. म्हणाले, वैजू, खरं सांगू, मला हे कधीचंच हवं होतं. त्या पोराचे पाय रोवलेले होते असं मी दर वर्षी ठासून सांगतो, पण मला तसं दिसलं होतं की मी तसं ठरवलं होतं, ते आता माझं मलाच कळेनासं झालंय. चुकलो असेन तर सगळ्यांसमोर दिवाकरची माफी मागेन. पण एकदा कळू दे.

आता नको म्हणणं म्हणजे चोरी झाली असती. वैजयंतीने त्यांच्या हातातला एक ग्लास घेतला, त्यांना बाजूच्या खांबापाशी नेलं आणि सांगून टाकलं. घड्याळ उशिरा दाबलं. तुमच्या चेहऱ्याकडे बघत होते म्हणून उशिरा दाबलं. वेळ आधीच संपली होती. तुमच्या शिट्टीने काही झालं नाही, आणि हे मला त्या सामन्याच्या रात्रीपासून माहीत आहे.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. आतून आठ हजारांचा गलका आला, बिबट्यांनी काहीतरी केलं असावं, पण दोघांपैकी कुणी तिकडे वळून पाहिलं नाही.

“राष्ट्रीय मंडळाचं पत्र आलं, तेव्हाही माहीत होतं?” सरांनी विचारलं.

“हो.”

त्यांनी मान हलवली, ग्लास खांबाच्या कट्ट्यावर ठेवला आणि वरच्या दाराकडे जाणाऱ्या पायऱ्या चढू लागले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ती जास्तच घाबरली. ती एकटीच खुर्चीवर परतली. पंच कुठं गेला म्हणून दिवाकरने विचारलं, तेव्हा येतील म्हणाली.

मध्यंतराचा भोंगा वाजला. दिवे मंद झाले आणि मैदानाच्या वर टांगलेल्या पडद्यावर १९९९ सालची संध्याकाळ उभी राहिली. टेप काढणारा लग्नाचे व्हिडिओ करणारा होता. त्याने समोरच्या बाजूला बाकड्यावर चढून सगळं एका चौकटीत घेतलं होतं, त्यामुळे कोर्टही दिसत होतं आणि पलीकडचं टेबलही. आधी नुसत्या मुंग्या होत्या. मग साक्षीने टेप सरळ केली आणि मुंग्यांतून माणसं बाहेर आली. काटकुळा, डोक्यावर झुलपं असलेला दिवाकर पाहून इतवारीच्या गड्यांनी आरोळी ठोकली. दिवाकर उभा राहून सगळ्यांना हात दाखवत होता.

पडद्याच्या कोपऱ्यात दोन घड्याळं आली. वरचं खरं, खालचं टेबलावरचं. दोन्हींत चार सेकंद. चेंडू आत आला, दिवाकरच्या हातात पडला. वरचं घड्याळ चालू झालं. खालचं तसंच थांबलेलं. तीन, दोन, एक. दिवाकर मधल्या रेषेपाशी पोचला तेव्हा वरचं घड्याळ शून्यावर आलं होतं आणि खालचं नुकतंच सुरू झालं होतं. संकुलात कुजबुज पसरली. पडद्यावरचा दिवाकर मात्र धावतच राहिला, आदळला, पडला. त्याची बास्केट पडल्यावर कुणी टाळी वाजवली नाही. ज्या शॉटवर त्याने सगळं आयुष्य बेतलं होतं, तो शॉट सामना संपल्यावरचा होता.

दिवाकर हळूच खाली बसला. वैजयंतीने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

पण साक्षी तिथे थांबली नाही. चूक सापडली की तिचं कारण शोधायचं, अशी तिची घडण आहे. तिने चित्र मागे नेलं, आणि एका गोष्टीभोवती पिवळं वर्तुळ काढलं. ते टेबलाभोवती नव्हतं. ते पंचाच्या वर धरलेल्या हाताभोवती होतं. आणि एरवी फक्त पंचांच्या कानात बोलणारा तो सपाट, समजूतदार आवाज सगळ्यांना ऐकू आला.

“चेंडूला पहिला स्पर्श झाल्यानंतर पंचाचा हात दोन पूर्णांक नऊ सेकंदांनी खाली आला. त्यानंतर शून्य पूर्णांक दोन सेकंदांत टेबलावरचं घड्याळ सुरू झालं. टायमरची चूक नाही.”

वैजयंतीला आधी कळलंच नाही. पडद्यावर चेंडू आत येत होता, दिवाकर पळत होता, आणि सव्वीस वर्षांचा पंच हात वर धरून तसाच उभा होता. हात त्याला खाली आणायचा होता हे जणू तो विसरलाच होता. त्याचं तोंड कोर्टाकडे नव्हतं. त्या अंतरावरून डोळे दिसत नव्हते, पण मान दिसत होती, आणि मानेवरून नजर कुठे आहे ते साक्षीला काढता येतं. एक बारीक पांढरी रेघ त्याच्या चेहऱ्यापासून निघाली, कोर्ट ओलांडून गेली आणि टेबलाच्या टोकाला, एका वेणीच्या, हातात स्टॉपवॉच धरलेल्या मुलीवर जाऊन थांबली. ती मुलगीही त्याच्याचकडे बघत होती. साक्षीने तिचीही रेघ काढली होती. दोन्ही रेघा एकावर एक पडल्यामुळे एकच दिसत होती.

पंच असं का करत होता, ते साक्षीने सांगितलं नाही. आठ हजार लोकांना ते आपलं आपण समजलं. आधी एका कोपऱ्यातून शिट्टी आली, मग दुसऱ्या, मग सगळं संकुल शिट्ट्यांनी दणाणून गेलं. देऊळ म्हणून हिणवलेल्या त्या जागेत पंचाच्या नावाने असा गोंधळ कधीच झाला नव्हता. त्या गोंधळातच साक्षीने शेवटचं वाक्य म्हटलं की वेळ संपल्यानंतर झालेल्या धडकेवर ती निर्णय देत नाही. चार्जिंग होतं की नव्हतं, हा प्रश्न जिथल्या तिथे राहिला.

दिवाकर पडद्याकडेच बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते वैजयंतीला बघवेना. एकोणचाळीस वर्षं ज्याच्या नावाने खडे फोडले त्याने आपलं काही नेलंच नव्हतं, हे पचवायला सावजीचं पोट असलं तरी वेळ लागतो. मग त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता.

“वहिनी,” तो डोळे पुसत म्हणाला, “तुमचं दोघांचं जमून राहिलं होतं, अन् मी येडा बीचमध्ये बॉल घेऊन धावून राहिलो होतो.”

सर तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला येऊन बसले. येताना वाटेवरच्या चार लोकांनी त्यांच्या पाठीवर थापा मारल्या होत्या, त्यामुळे त्यांचा शर्ट विस्कटला होता. ते तिच्या शेजारीच बसले, पण नजर मैदानावर ठेवून. बिबट्यांनी मॅच पाच गुणांनी काढली. दोघांनी टाळ्या वाजवल्या, त्याही समोर बघत.

इतवारीत पोचेपर्यंत भोजनालय भरलं होतं. दिवाकरने त्यांना नेहमीच्या टेबलावर बसवलं, दोन ताटं मांडली, मटण, भाकरी, कांदा, काळ्या मसाल्याचा रस्सा आणि वर बोटभर तर्री. मग भट्टीवर जरा बघून येतो म्हणून तो आत गेला. एवढ्या वर्षांत तो या टेबलावरून आपणहून कधी उठला नव्हता. माणूस दिसतो तेवढा येडा नाही, हे वैजयंतीच्या लक्षात आलं.

सरांनी भाकरी मोडली. दोन घास खाल्ले. तर्रीने त्यांचं नाक वाहायला लागलं, ते त्यांनी रुमालाने टिपलं.

“तू तेव्हा सांगितलं असतंस,” ते म्हणाले, “तर मी शिट्टी सोडली नसती.”

“हो,” वैजयंती म्हणाली. साक्षीने तिला निर्दोष ठरवलं होतं, पण ते स्टॉपवॉचपुरतं. त्यानंतरच्या गप्प बसण्याबद्दल कुठल्याही यंत्राने काही म्हटलं नव्हतं, आणि ते तिचं तिला ठाऊक होतं. तिने सांगितलं की आधी भीती वाटली, मग लाज वाटली, आणि मग इतकी वर्षं झाली की न सांगितल्याचीच भीती वाटायला लागली. तुम्ही अंगणात फेऱ्या मारायचा तेव्हा मी खिडकीशी उभी असायचे, असंही ती म्हणाली.

सरांनी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. मग त्यांनी जे सांगितलं ते तिला अपेक्षित नव्हतं. ते म्हणाले, वरच्या दाराशी उभा राहून पडदा बघताना मी खूप चिडलो होतो. उद्याही चिडेन, परवाही चिडेन बहुतेक, एवढ्यात जाणार नाही ते. पण दुसरंच एक डोक्यातून जात नाहीये. आपली ओळख तुझ्या परीक्षेच्या निकालाच्या दिवशी झाली, असं मी पोरांना, नातेवाइकांना, सगळ्यांना सांगत आलो. तुला मी पहिल्यांदा तिथेच पाहिलं, हे मी शपथेवर सांगितलं असतं. त्या फायनलला टेबलावर कोण होतं ते मला आठवतच नाही.

“पण मान माझीच होती,” सर म्हणाले. “तीन सेकंद. फायनलमध्ये. मी.” आणि त्यांना हसू आवरेना. नियमांचं पुस्तक उशाशी घेऊन झोपणारा हा माणूस, आणि त्याने फायनलचं घड्याळ थांबवून धरलं होतं. वैजयंतीही हसली, रडता रडताच हसली, आणि तर्रीचं निमित्त करून तिने डोळे पुसले. आपण एकटीच वेड्यासारखी बघत होतो, असं ती इतकी वर्षं समजून चालली होती. तिला एकदम इतकं हलकं वाटलं की भूक लागली.

दिवाकर आतून कान देऊनच होता की काय कोण जाणे, तो लगेच भांडं घेऊन बाहेर आला. वेळ संपली होती हे मला मान्य आहे, त्याने बसता बसताच सुरुवात केली, पण चार्जिंग नव्हतं ते नव्हतंच, पोरगा सरकत होता. सरांनी पाय रोवलेले होते म्हणून ठासून सांगितलं. मात्र या वेळी त्यांचा आवाज मोकळा होता, आणि दिवाकरला तो जाणवला असावा, कारण त्याने जरा जास्तच जोर लावला. शेजारच्या टेबलांवरची माणसं जेवण थांबवून ऐकू लागली. कितीतरी दिवसांत त्यांनी कुणाला बास्केटबॉलवरून भांडताना पाहिलं नव्हतं. त्यांतल्या एकाने सरांची बाजू घेतली, दोघांनी दिवाकरची, आणि बघता बघता अर्धं भोजनालय त्यात उतरलं.

तो कालवा चालू असतानाच सरांनी खिशातून फोन काढला. जिल्हा संघटनेचा निरोप आठवड्यापूर्वी आला होता. शाळांचे सामने अजून उघड्या डांबरी कोर्टांवर होतात, तिथे साक्षी परवडत नाही, आणि नव्या मुलांना कानात कुणी बोलल्याशिवाय शिट्टी फुंकता येत नाही, म्हणून जुने पंच हवे होते. सरांनी नेहमीप्रमाणे उत्तर दिलं नव्हतं. आता त्यांनी चष्मा वर करून एका बोटाने दोन शब्द टाइप केले, पाठवले, आणि फोन वैजयंतीसमोर धरला. रविवारी येतो, एवढंच लिहिलं होतं.

“त्यांच्याकडे टायमरही नाही,” सर म्हणाले. “बसशील?”

वैजयंतीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. पासष्ट वर्षांचा माणूस परीक्षेला निघालेल्या पोरासारखा उत्तराची वाट बघत होता.

“बसेन की,” ती म्हणाली. “पण हात वेळेवर खाली आणाल ना?”

सरांनी थोडा विचार केला. मुलांना नियम समजावून सांगताना जसा लागायचा तसाच गंभीर आवाज त्यांनी लावला.

“त्याची हमी मला देता येणार नाही,” ते म्हणाले, आणि तिच्या ताटात भाकरी वाढली.